भातखाचरातला जंतू आणि साखरेचा आजार



महिनाभर ताप हटत नाही, वजन उतरते, छातीच्या फोटोत डाग दिसतो. थुंकीत टीबीचा जंतू सापडत नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि गुण काही येत नाही. अशा रोग्याला मधुमेह असेल, तर डॉक्टरांना एक नाव जरूर विचारा : मेलिऑइडोसिस.

हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. १९११ साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी तो प्रथम ओळखला. भारतातल्या रोग्याची पहिली नोंद १९९१ ची, मुंबईची. पुढे उडुपी-मणिपालच्या किनारपट्टीवर, पावसाळ्यात, पुष्कळ रोगी आढळले.

भिंगारच्या शिवारात बाजरी-ज्वारी. भातखाचरांशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण भिंगारला लष्कराचे ठाणे आहे. घरातले कोणी पलटणीत, कोणी ट्रकवर, कोणी कोकणात कामाला असते. हा जंतू अंगात दबूनही राहतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात कैदेत असलेल्या एका अमेरिकन सैनिकाला तो तब्बल ६२ वर्षांनी बाधला! म्हणून रोगी पूर्वी कुठे कुठे राहिला, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

धडधाकट माणसाला तो सहसा बाधत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा दारूचे व्यसन असले की अंगाची प्रतिकारशक्ती कमी पडते. मग पायाच्या चिरेतून किंवा श्वासावाटे शिरलेला जंतू फुप्फुसात, यकृतात, सांध्यात गळवे करतो. पेनिसिलीन, जेंटामायसीन ही नेहमीची औषधे त्याच्यापुढे सहसा चालत नाहीत. कोणी चुकीचे औषध वापरल्याने तो असा झालेला नाही. त्याचा पिंडच तसा आहे.

निदानाला रक्ताचे किंवा पुवाचे कल्चर लागते, आणि त्याला काही दिवस जातात. कधी हा जंतू प्रयोगशाळेत दुसऱ्याच नावाने खपून जातो. म्हणून ‘मेलिऑइडोसिसची शंका आहे’ असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेले बरे. निदान झाले की निदान दोन आठवडे सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेमची इंजेक्शने शिरेतून द्यावी लागतात, आणि पुढे किमान तीन महिने कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या. खरी फसगत इथेच होते. ताप उतरला, भूक लागली, की कारभारी गोळ्या ताकावर ठेवतो आणि औताला जातो. काही महिन्यांनी दुखणे उलटते. गोळ्यांचा हिशेब घरातल्या बाईने ठेवावा.

साखर असलेल्याने चिखलात उतरताना रबरी बूट घालावेत. पायाला चीर असेल, तर ती भरेपर्यंत पाणी धरायला दुसऱ्याला पाठवावे.