साहेबांचा निरोप आणि गुरुजींचा तास

शेतकरी बंधूंनो, पेरणी उरकल्यावर आठ दिवसांनी बीजप्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर त्याचा काय उपयोग? वरातीमागून घोडे! सल्ला कितीही चांगला असला तरी वेळ चुकली की तो वाया जातो. आपल्या गावच्या प्राथमिक शाळेतही असेच घडते. तिथे मात्र पिकाऐवजी मुलांचे वर्ष हातचे जाते.

माती नमुन्यांच्या कामासाठी मी एका गावी गेलो होतो. शाळा दोन शिक्षकी, वर्ग चार. सकाळी अकराला मोबाईलवर निरोप आला, 'माहिती तात्काळ, एक वाजेपर्यंत पाठवा.' कशासाठी, कोणत्या नमुन्यात, याचा पत्ता नाही. गुरुजी कागद घेऊन बसले आणि बाईंनी चारही वर्ग एका खोलीत घेतले. पहिलीची अक्षरे आणि चौथीचा भागाकार एकाच वेळी कसा शिकवणार? नंतर कळले, तीच माहिती गेल्या महिन्यातच पाठवलेली होती. गुरुजी म्हणाले, "साहेब, कामाला आमची ना नाही. पण कशासाठी करतोय, एवढं तरी कुणी सांगावं."

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्यातले दोन तास गेले, तर निम्मा दिवस गेला की!

यात एकट्या साहेबांचा दोष नाही. निरोप जिल्ह्यावरून निघतो, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे येतो, मग केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक. दर पायरीला मुदत कमी होत जाते आणि कारण गळून पडते. शेवटच्या माणसाच्या हाती उरतो तो फक्त 'तात्काळ'.

भेटीतल्या शेऱ्याचेही तसेच. शेरेबुकात 'वाचन असमाधानकारक' एवढेच लिहिले, तर शिक्षक पुढच्या भेटीपूर्वी दप्तर सजवतो. पण 'तिसरीची सहा मुले जोडाक्षराला अडतात, रोज पंधरा मिनिटे वेगळी घ्या, पुढच्या महिन्यात मिळून पाहू' असे लिहिले, तर तोच शिक्षक कामाला लागतो. मुलांदेखत गुरुजींना खडसावले, तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांचा शब्द कोण मानणार? चूक जरूर दाखवावी, पण बाजूला घेऊन.

आमच्या खात्यात 1980 च्या दशकात प्रशिक्षण व भेट योजना होती. तिच्यात उणिवा होत्या, पण एक गोष्ट चांगली होती. भेटीचा वार ठरलेला, प्रशिक्षणाचा दिवस ठरलेला आणि शेतकऱ्याची अडचण वर शास्त्रज्ञांपर्यंत नेण्याची वाटही ठरलेली. निरोप खाली यायचा, तसा वरही जायचा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत असाच थोडा वेळ शिक्षकांना बोलायला ठेवला, तर निम्म्या अडचणी तिथेच सुटतील.

सरपंच, ग्रामसेवक आणि पालकहो, आपणही यात मागे राहू नका. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीत एवढे विचारा:

1) या महिन्यात माहिती गोळा करण्यात किती तास गेले?

2) कोणती माहिती दोनदा मागितली गेली?

3) गेल्या भेटीत काय शेरा आला आणि त्यावर काय झाले?

उत्तरे लिहून ठराव करा आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे सोडून शिक्षकांना इतर बिगरशैक्षणिक कामांना लावू नये, असे कायद्याचे कलम 27 सांगते. ग्रामपंचायतीनेही शाळेकडे काम मागण्याआधी हे आठवावे.

वाफसा आला की आपण पेरणीला थांबत नाही. मुलांच्या शिकण्याचाही वाफसा असतो. त्या वेळी गुरुजी वर्गात असावेत, एवढे तरी आपण सगळ्यांनी पाहू या.