पडद्यावरील चित्रें आणि बोलकें यंत्र

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले, तेव्हां कांचेवरील प्रत्येक चित्र हातानें रंगवावें लागे. साहजिकच अनावश्यक चित्र कोणी रंगवीत नसे. आज घरोघरीं विद्यार्थी संगणकावर ‘स्लाइड’ तयार करतात. श्रम उरले नाहींत, तसा संयमहि उरला नाहीं. एका पडद्यावर वीस ओळी दाटीनें बसवावयाच्या आणि श्रोत्यांकडे पाठ करून त्याच वाचून दाखवावयाच्या, हा प्रकार आमच्या वाचकांनीं पुष्कळदां पाहिला असेल.

या कामीं चॅटजीपीटीसारखीं यंत्रें, ज्यांस शास्त्रज्ञ ‘लँग्वेज मॉडेल’ म्हणतात, खरोखरच उपयोगी पडतात. मात्र ‘स्लाइड सुंदर करून दे’ एवढें सांगून भागत नाहीं. समजा, मुळशीच्या धरणाविषयीं शाळेंत बोलावयाचें आहे. आपलें सगळें टिपण यंत्रापुढें ठेवावें व विचारावें: यांतील एकेक मुद्दा एकेका वाक्यांत सांग, तोंडीं काय बोलावें आणि पडद्यावर काय असावें? मग ‘मुळशी धरण : माहिती’ या निर्जीव मथळ्याच्या जागीं ‘मुळशीचें पाणी सह्याद्रि उतरून भिऱ्यास वीज निर्माण करतें’ असें वाक्य येऊं शकतें, आणि त्याखालीं परिच्छेदाऐवजीं एक नकाशा पुरतो. शेवटच्या रांगेंतील आजोबांना अक्षर दिसेल कीं नाहीं, हें मात्र खोलीच्या टोकाशीं स्वतः उभें राहूनच पाहावें.

आम्हांस खरी काळजी वाटते ती निराळीच. संक्षेप करावयास सांगितलें कीं यंत्र गुळगुळीत बोलूं लागतें. १९२१ सालीं सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालीं मावळी शेतकऱ्यांनीं टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. लोक तुरुंगांत गेले. भातखाचरें आणि गांवें अखेर पाण्याखालीं गेलीं. एवढ्या सगळ्याचें ‘विकास व पुनर्वसन’ असें दोन शब्दांत होऊं शकतें, आणि ज्यांची जमीन गेली तीं माणसेंच पडद्यावरून नाहींशीं होतात. म्हणून ‘कोणाचें काय गेलें तें गाळूं नको’ अशी आज्ञा स्पष्ट द्यावी. शिवाय हीं यंत्रें कधीं कधीं चुकीच्या तारखा व आंकडेहि तितक्याच ठाम सुरांत सांगतात. तेव्हां प्रत्येक आंकडा ग्रंथांत पडताळावा. त्यांनीं काढलेल्या चित्रांत जोडाक्षरें पुष्कळदां मोडलेलीं असतात. मथळे आपणच टंकावेत.

घरांत कोणी वडीलधारें माणूस मुळशीकडील असेल, तर तयार झालेल्या स्लाइड प्रथम त्यांस दाखवाव्या. कोणत्या गांवाचें नांव सुटलें, तें तेच सांगतील.