रेडक्रॉसचे चिन्ह आणि आपण डॉक्टर

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. त्या वेळी एका शाळेत आश्रय घेतलेल्या पूरग्रस्तांची तपासणी करण्यासाठी आम्ही काही डॉक्टर रोज जात होतो. औषधांची खोकी उतरवून घेणे, नावे लिहिणे, वृद्धांना हाताला धरून आणणे ही कामे महाविद्यालयातील यूथ रेडक्रॉसची मुले-मुली करीत असत. एके दिवशी त्यांतील एका मुलीने माझ्या मोटारीच्या काचेवरील तांबड्या क्रॉसकडे पाहून विचारले, "सर, आपण रेडक्रॉसचे काम करता का?" मी म्हणालो, "नाही गं, मी डॉक्टर आहे." त्यावर ती संकोचत म्हणाली, "मग हे चिन्ह आपल्याला लावता येत नाही, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले आहे."

तीस वर्षे मी ते चिन्ह लावीत आलो होतो. क्षणभर राग आला, हे कबूल केले पाहिजे. घरी येऊन मी या विषयावर वाचन केले, तेव्हा मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याचे आढळले. त्या वाचनाचा सारांश संघाच्या सभासदांसमोर ठेवीत आहे.

या चळवळीचा उगम एका रणांगणावर झाला. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे फ्रान्स व सार्डिनिया यांच्या सैन्याची ऑस्ट्रियाशी लढाई झाली. दिवस मावळला तेव्हा सुमारे ४०,००० सैनिक मृत वा जखमी होऊन पडले होते. फ्रेंच सैन्यात हजार घोड्यांमागे चार पशुवैद्य होते, तर हजार माणसांमागे एकच डॉक्टर, असे त्या काळाविषयी लिहिले गेले आहे. हेन्री द्युनां हा जिनिव्हाचा ३१ वर्षांचा व्यापारी आपल्या अल्जीरियातील उद्योगाच्या कामासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनला भेटावयास आला होता. तो व्यापार विसरून त्याने शेजारच्या कास्तिलिओने गावातील स्त्रियांना हाताशी धरले आणि तेथील चर्चमध्ये जखमींची शुश्रूषा सुरू केली. शत्रू कोण, मित्र कोण, हा भेद त्या स्त्रियांनी केला नाही. "सारे भाऊच आहेत," असे त्या म्हणत.

१८६२ साली द्युनांने हा अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. प्रत्येक देशात शांततेच्या काळातच स्वयंसेवकांची संस्था उभारावी आणि जखमींना व त्यांच्या शुश्रूषकांना राष्ट्राराष्ट्रांच्या कराराने संरक्षण मिळावे, अशा दोन सूचना त्याने त्यात केल्या. फेब्रुवारी १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती बसली. त्या पाचांपैकी दोघे, लुई आपिया आणि तेओदोर मोनुआर, आपल्याच व्यवसायातील होते, याचा आपणांस अभिमान वाटावा. २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. पुढे द्युनांचे दिवाळे निघाले आणि अनेक वर्षे त्याने दारिद्र्यात काढली. १९०१ सालचे पहिले शांतता नोबेल पारितोषिक त्याला फ्रेदेरिक पासी यांच्यासमवेत विभागून मिळाले.

आता चिन्हाकडे वळू. त्या काळी प्रत्येक सैन्याच्या वैद्यकीय पथकाचा ध्वज निराळ्या रंगाचा असे, त्यामुळे शत्रूच्या सैनिकाला तो ओळखता येत नसे. म्हणून १८६३ च्या परिषदेत सर्वांसाठी एकच खूण ठरली : पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रॉस. स्वित्झर्लंडच्या ध्वजातील रंगांची अदलाबदल केली की हे चिन्ह होते. १८६४ च्या डेन्मार्क-प्रशिया युद्धात या चिन्हाची दंडपट्टी बांधून डॉ. आपिया रणभूमीवर गेले. क्रॉसला धार्मिक अर्थ चिकटतो असे वाटल्यावरून तुर्की साम्राज्याने १८७६ मध्ये तांबडी चंद्रकोर स्वीकारली, आणि १९२९ च्या कराराने तिला मान्यता मिळाली. कोणत्याही धर्माशी वा राष्ट्राशी न जोडलेले तिसरे चिन्ह म्हणजे चौकोनी चौकटीसारखा तांबडा स्फटिक. ते डिसेंबर २००५ मध्ये संमत झाले व जानेवारी २००७ पासून अमलात आले.

या तिन्ही चिन्हांचा युद्धकाळातील अर्थ एकच आहे : "येथे गोळी झाडू नका." सैन्याची वैद्यकीय पथके ते संरक्षणासाठी मोठ्या आकारात वापरतात. राष्ट्रीय रेडक्रॉस संस्था शांततेच्या काळात ओळखीपुरते ते लहान आकारात लावतात. खासगी दवाखाना, औषधाचे दुकान किंवा डॉक्टरची मोटार यांचा त्यावर अधिकार नाही. आपल्या देशात १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अधिनियमानुसार केंद्र सरकारच्या संमतीवाचून हे चिन्ह वापरणे गुन्हा आहे.

आपणही सेवाच करतो, मग आपण ते लावल्याने काय बिघडले, असा प्रश्न मलाही पडला होता. पण हे चिन्ह सेवेबद्दल मिळालेला मान नव्हे. बालपणापासून ज्याने ते औषधाच्या पिशवीवर आणि प्रत्येक गल्लीतील पाटीवर पाहिले, त्याच्या लेखी त्याचा अर्थ 'दवाखाना' एवढाच उरतो. तोच मुलगा उद्या हाती बंदूक घेऊन उभा राहिला, तर त्या खुणेपाशी त्याचा हात का थांबावा? आपल्या निष्काळजीपणाची किंमत दूरच्या एखाद्या रणभूमीवरील परिचारिकेला वा आपल्याच सैन्यातील डॉक्टरला मोजावी लागेल.

हा विचार तरुणांपर्यंत पोहोचविण्याची योजना चळवळीने फार पूर्वीच केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या देशांतील शाळकरी मुले रेडक्रॉसच्या कामाला लागली. अमेरिकेत १९१७ साली ज्युनियर रेडक्रॉसची रीतसर स्थापना झाली. भारतीय रेडक्रॉस सोसायटी १९२० च्या कायद्याने स्थापन झाली. आज तिच्या शाळांतील शाखेला ज्युनियर रेडक्रॉस व महाविद्यालयीन शाखेला यूथ रेडक्रॉस म्हणतात. आरोग्य, रुग्णसेवा आणि आंतरराष्ट्रीय मैत्री ही मुलांपुढील उद्दिष्टे होत. प्रथमोपचार शिकणे, रक्तदात्यांना धीर देणे, आपत्तीत धावून जाणे ही त्यांची कामे. १९६५ साली व्हिएन्ना येथे स्वीकारलेल्या मानवता, निःपक्षपातीपणा, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंसेवा, एकता आणि विश्वव्यापकता या सात तत्त्वांचा पाठ त्यांना दिला जातो. पूरग्रस्तांच्या शिबिरातील त्या मुलीने तो पाठ मनावर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी काचेवरील चिन्ह काढून तेथे 'डॉक्टर' एवढाच शब्द लावला. वैद्यकीय खूण हवीच असेल, तर एका सर्पाने वेढलेला दंड आपल्याला उपलब्ध आहे. प्रथमोपचाराच्या पेटीवर हिरव्या भूमीवरील पांढरा क्रॉस लावता येतो. संघाच्या सभासदांना माझी नम्र विनंती आहे, की आपापल्या पाट्या, पत्रके आणि मोटारी एकदा पाहून घ्याव्यात. पुढील वर्षाच्या स्मरणिकेसाठी येणाऱ्या जाहिरातीही संपादक मंडळाने याच दृष्टीने तपासाव्यात. आणि यूथ रेडक्रॉसची मुले मदत मागावयास आली, तर त्यांना प्रथमोपचार शिकविण्यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षातून एक दिवस द्यावा.