शिंगराची पहिली तीन वर्षं

खारबावला शिंगरू वाढवायचं म्हटलं की आधी जमिनीचा विचार करावा लागतो. वसई-दिवा रेल्वेमार्गावरचं हे भिवंडी तालुक्यातलं गाव. भाताची खाचरं, खाडीकडे उतरत जाणारी खारटणं आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत चिखल. घोडा मुळात कोरड्या, कडक माळावरचा प्राणी. टणक भुईवर चालूनच त्याचं खूर घडतं. ते चार महिने ओलीत राहिलं की तळव्याचा मधला मऊ, त्रिकोणी भाग काळा पडून कुजायला लागतो आणि पाय उचलल्याबरोबर नाकाला कळतं. म्हणून इथल्या पागेचं जोतं हातभर उंच हवं, मुरूम ठोकून भुईला मागे उतार द्यायला हवा. अंथरायला भातगिरणीवरचं तूस चालतं, पण ते जाड पसरायला हवं आणि ओलं झालेलं रोजच्या रोज उपसायला हवं. यात आळस केला तर पुढचं काहीच साधत नाही.

चाऱ्याचंही तसंच. भाताच्या गावात पेंढ्याला तोटा नाही, पण पेंढ्यावर म्हैस निभावते, शिंगरू निभावत नाही. पेंढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यावर स्वस्त पडतो म्हणून कोंडा घातला तर कोंड्यातल्या फॉस्फरसमुळे उरलेला तोलही बिघडतो आणि शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला लागतं. असं काही महिने चाललं की शिंगराच्या तोंडाची हाडं जाड होतात, चाल अवघडते, आणि मालक म्हणतो, ‘खायला तर पोटभर घालतो.’ लसूणघास, नीट वाळवलेलं गवत, चंदीला भरडलेले जव आणि थोडा भिजवलेला हरभरा, एवढं तरी हवंच. तेही दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. जास्त झालेलं बाहेर पडायला वाट नसते. पोटशुळाने हातचा घोडा गेला तर त्यामागे बहुतेक वेळा दाणावैरणीतली हयगय असते.

घोडी साधारण अकरा महिन्यांनी विते, आणि बहुधा रात्री. आधी एक-दोन दिवस सडांच्या टोकाशी मेणासारखे थेंब जमतात. ते दिसले की कंदील विझवून दूर बसायचं आणि गडबड करायची नाही. जाणते लोक पुढचं तासांत मोजतात: पहिल्या तासात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दुसऱ्यापर्यंत आचळाला लागलं पाहिजे, तिसऱ्यापर्यंत घोडीची वार पडली पाहिजे. यातलं काही लांबलं तर पशुवैद्याला फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. चिकाचं महत्त्व तर कितीही सांगितलं तरी थोडंच. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात; शिंगराला ती वारेतून मिळतच नाहीत. ती सगळी पहिल्या चिकात असतात आणि शिंगराचं आतडं ती जेमतेम पहिला दिवसभर शोषू शकतं, त्यातही पहिले काही तास सर्वांत मोलाचे. नाळ आयोडीनमध्ये बुडवायची आणि धनुर्वाताची काळजी घ्यायची. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी नाही.

शिक्षण इथूनच सुरू होतं. लगाम-खोगीर फार पुढच्या गोष्टी. पहिल्या आठवड्यात घोडीच्या साक्षीने शिंगराच्या मानेवर, पाठीवर, पोटाखाली, कानांमागे हात फिरवायचा. ते बावरून अंग चोरेल. हात तिथेच ठेवायचा आणि ते स्थिर झालं की लगेच काढायचा. घोडा शिकवणाऱ्या चाबूकस्वाराची अर्धी विद्या एवढ्यात आली. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. त्याने बरोबर केलं त्या क्षणी हात हलला, दोरी सैल पडली, तरच त्याच्या डोक्यात नोंद होते. तो धडपडत असताना सोडलंत तर धडपडल्यावर सुटका होते हाच धडा तो घेतो, आणि एकदा घेतलेला धडा विसरत नाही.

एक गोष्ट शेजारी उभं राहून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे पाय उचलायला शिकवणं. शिंगराच्या डाव्या खांद्याशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं. हात खांद्यावरून सरकवत गुडघ्यामागून खाली न्यायचा आणि नळीच्या मागच्या शिरा बोटांत हलक्या दाबायच्या. शिंगरू आधी वजन दुसऱ्या पायावर टाकतं; खांदा किंचित खाली गेलेला दिसतो. त्या क्षणी ‘पाय’ म्हणायचं. खूर भुईवरून चार बोटं उचललं, दोन श्वास धरलं, आणि त्याने ओढून घ्यायच्या आत आपणच खाली ठेवलं, की त्या दिवसाचं काम झालं. हेच पुन्हा उजव्या बाजूने पहिल्यापासून करावं लागतं, कारण एका अंगाने शिकलेलं दुसऱ्या अंगाला आपोआप येत नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण नाकासमोरचं जवळचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून जाणाऱ्यावर दुगाणी झाडली जाते. त्यात खोडसाळपणा नसतो. महिन्या-दोन महिन्यांचं शिंगरू असं पाय देऊ लागलं की नालबंद महिन्या-दीड महिन्याने येऊन खूर तासून जातो. वाकडं वाढणारं खूर याच वयात सरळ करता येतं. पुढे हाडच तसं बसतं. चांगले नालबंद आता दुर्मीळ झालेत, त्यामुळे ज्यांच्या गावाजवळ एखादा आहे त्यांनी त्याला जपावं.

लाडाने होणारं नुकसान माराइतकंच वाईट. एकट्या शिंगराला माणसांतच वाढवलं, चावलं तरी हसून सोडलं, पुढचे पाय खांद्यावर ठेवले तर कौतुक केलं, तर दोन वर्षांनी तेच अडीचशे किलोचं जनावर खांद्यावर पाय ठेवायला येतं. मर्यादा त्याला घोडीच शिकवते. लहान शिंगरू मोठ्या घोड्यासमोर गेलं की मान लांबवून, ओठ मागे घेऊन जबडा टाप-टाप हलवतं. ‘मी लहान आहे, मारू नका’ असं ते सांगत असतं. ही भाषा कळपातच येते. पाच-सहा महिन्यांनी दूध तोडताना शिंगरू एकदम लांब न नेता कुंपणापलीकडे ठेवावं आणि सोबतीला एखादी वयस्कर घोडी, नाहीतर शेळी द्यावी.

खारबावचा एक फायदा मात्र कोरड्या मुलखातल्या फार्मला नाही. इथे दिवसभर आगगाड्या जातात, त्यात मालगाड्याच फार; भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक भोंगे वाजवत असतात. घोडीशेजारी उभं राहून रोज हे ऐकणारं शिंगरू सहसा बुजत नाही. घोडी मान न उचलता चरत राहिली की शिंगरूही चरायला लागतं. पाऊस ओसरल्यावरचे डांस ही याच गावाची दुसरी बाजू. ते सर्रा हा रोग पसरवतात. ताप चढउतार करतो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, जनावर खंगतं. संध्याकाळी पागेत धुरी करावी आणि ताप येताच रक्त तपासून घ्यावं.

शिंगरू कुठल्या जातीचं घ्यावं यावर लोक तावातावाने बोलतात. नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीपासून यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती देशभर प्रसिद्ध आहे आणि 2016 पासून तिथे चेतक महोत्सवही होतो. टोकं एकमेकांना भिडणाऱ्या कानांचे मारवाडी आणि काठेवाडी घोडे, नुकरे, अबलख, पंचकल्याणी, सगळे एका ठिकाणी बघायला मिळतात. गिऱ्हाईक अंगावरचे भोवरे बघतं. मानेवरचा देवमण असला तर किंमत चढते, डोळ्याखालचा भोवरा असला तर उतरते. भोवऱ्यांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांशी मला भांडायचं नाही, पण जितका वेळ भोवऱ्यांवर जातो तितका घोटे, खूर आणि दात बघण्यात जावा.

लहान फार्मसाठी मी मारवाडीपेक्षा भीमथडी सुचवेन. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं हे बुटकं, काटक तट्टू. मराठ्यांच्या चपळ घोडदळाचा कणा तेच होतं. सरकारी पागेतला घोडा मिळालेला बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, दोघांचीही मदार त्यावर होती. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजल्याचा अभिमान आपण भाषणांतून मिरवला आणि खुद्द तट्टू मात्र धनगरांच्या बिऱ्हाडामागे ओझी वाहत राहिलं. धनगरांनी ते राखलं म्हणून टिकलं. 2023-24 मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातली घोड्यांची ही आठवी नोंदणीकृत जात. कमी खाणारं आणि शांत डोक्याचं हे जनावर आहे. दख्खनच्या कोरड्या हवेतून खाडीकाठी आल्यावर पावसात त्यालाही जपावं लागेल, पण थोड्या खर्चात शिकणाऱ्या माणसासाठी ते योग्य आहे.

नर शिंगराबाबत दीड-दोन वर्षांच्या सुमाराला एक निर्णय घ्यावाच लागतो. आपल्याकडे आख्ता, म्हणजे खच्ची, करणं कमीपणाचं मानतात, अंडिल घोडा म्हणजे रुबाब. पण ज्याच्यापासून पैदास करायची नाही आणि ज्याला वेगळी मजबूत जागा नाही, त्याला अंडिल ठेवणं म्हणजे जन्मभर एकटं बांधून ठेवणं. आख्ता घोडा इतरांबरोबर चरू शकतो, पोरांना घेऊन चालू शकतो. पशुवैद्याकडून, भूल देऊन हे करून घ्यावं. यात क्रूरपणा नाही. अगाडी-पिछाडी बांधून वर्षानुवर्षं उभं ठेवण्यात आहे.

दुसऱ्या वर्षी मोरकीवर चालणं, थांबणं, मागे सरणं पक्कं होतं. मग लांब दोरीवर गोल फिरवणं, तेही दहा मिनिटं आणि दोन्ही बाजूंनी सारखं. कोवळ्या सांध्यांना गोलाचा ताण फार पडतो. तिसऱ्या वर्षाकडे तोंडात सळई द्यायची. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते, तिथे ती बसते. ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा त्या जागेत घातला की तोंड आपोआप उघडतं. दातांवर लोखंड आपटायची गरज नसते. मग पाठीवर नुसतं घोंगडं, काही दिवसांनी खोगीर, आणि तंग एकेक भोक करून आवळायचा, मध्ये चार पावलं चालवून. तंग एकदम आवळलेला घोडा पुढे खोगीर दिसलं की पोट फुगवतो नाहीतर चावायला येतो. स्वार आधी पोटावर आडवा पडतो, उतरतो. काही दिवसांनी बसतो, उतरतो. त्यानंतर एक माणूस पुढे दोरी धरून चालवतो. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरे.

तीन वर्षं थांबायचं ते हाडांसाठी. पुढच्या गुडघ्यावरची वाढीची कूर्चा दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला हाडात रूपांतरित होते. पाठीच्या मणक्यांची तर पाच वर्षं उलटल्यावर. म्हणजे आपण ज्या पाठीवर बसतो तीच सर्वांत शेवटी पिकते. यावर शर्यतीच्या घोड्यांचं उदाहरण हमखास येतं. 1883 पासून चालत आलेल्या महालक्ष्मी रेसकोर्सवर दोन वर्षांची जनावरं धावतात, मग आमचं का नको? ती खास पैदाशीची, तोलून-मापून पोसलेली जनावरं असतात, पाठीवर पन्नास-साठ किलोच्या आतबाहेरचा जॉकी असतो, आणि पशुवैद्य हाताशी असतो. तरीही त्यांतल्या कितीतरी जनावरांचे पाय जातात. त्यांचा कित्ता छोट्या फार्मने गिरवू नये.

आपल्या भागात या घाईचं कारण लग्नसराई आहे. ठाणे-भिवंडी पट्ट्यात घोड्याला रोजचं काम उरलेलं नाही; मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांनाही उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवलं. माथेरान सोडलं तर मागणी उरते ती वरातीची, आणि त्यात नाचणाऱ्या घोड्याला जास्त. मग दीड-दोन वर्षांच्या शिंगराला दोरांनी ताणून, पायांवर काठी मारून नाच शिकवला जातो. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर लिहिताना हे मोडीत काढलं होतं: जबरदस्तीने करवून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसतं, चाबकाने नाचवलेल्या नर्तकात नसतं तसंच. जाणता चाबूकस्वारही हेच सांगतो, फक्त बाजार त्याचं ऐकत नाही. वजनाचा हिशोबही कोणी करत नाही. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापेक्षा जास्त ओझं वाहू नये. अडीचशे किलोच्या शिंगरावर सत्तर किलोचा नवरदेव, त्याच्या पुढ्यात करवला, खाली खोगीर आणि जरीची झूल चढते, समोर डीजे लावलेला असतो.

म्हणून लग्नघरच्यांना एवढीच विनंती. घोडा ठरवताना त्याचं तोंड उघडून दाखवायला सांगा. खालच्या जबड्यात पुढे सहा दात असतात. सहाही लहान, पांढरेशुभ्र, दुधाचे असतील तर जनावर अडीच वर्षांच्या आतलं आहे. मधले दोन मोठे आणि पिवळसर, बाजूचे लहान असतील तर ते पक्कं समजू नका. ते जेमतेम तीन वर्षांचं आहे. सहाही मोठे असतील तरच ते पाच वर्षांचं, कामाचं. मग तंगाची जागा आणि ओठांचे कोपरे बघा, तिथे जखम नसावी. यातलं काही खटकलं तर घोडा परत पाठवा आणि कारण मालकाला तोंडावर सांगा. चार घरांनी असा परत पाठवला, तर पुढच्या वर्षीचं शिंगरू आणखी एक वर्ष मोकळं चरेल.