अकरा वर्षांचं स्थलांतर

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘मराठी’ या साध्या शब्दाची लांबी विचारली, की उत्तर यायचं १५. तिसरी आवृत्ती सांगते ५. शब्द तोच, मग दहाचा फरक आला कुठून? या प्रश्नाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या इतिहासातलं एक थक्क करणारं सामूहिक काम दडलेलं आहे.

संगणक शेवटी आकडेच साठवतो. सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘म’ म्हणजे २२४, १६४ आणि १७४. म, र, काना, ठ, वेलांटी ही पाच चिन्हं, त्यांचे पंधरा बाइट. जुनं पायथॉन साध्या मजकुरातले बाइटच मोजायचं. त्याच्याकडे या शब्दाचं पहिलं अक्षर मागितलं, तर ‘म’ मिळत नसे. हाती यायचा नुसता २२४, ज्याला एकट्याला काही अर्थ नाही.

युनिकोड म्हणजे निरनिराळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत. तशा मजकुराची वेगळी सोय जुन्या पायथॉनमध्येही २००० सालापासून होती. पण बाइट आणि युनिकोड एकत्र आले, की भाषा परस्पर रूपांतर करून टाकायची. इंग्रजीत ते निभावून जायचं. इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला प्रोग्राम ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आलं की कोलमडायचा.

३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथॉन ३.० ने हा घोळ मुळातून निपटला. मजकूर वेगळा, बाइट वेगळे. एकाचं दुसऱ्यात रूपांतर हवं असेल तर तसं स्पष्ट सांगा. इतर बदलही होते. सातला दोनाने भागल्यावर पूर्वी ३ यायचे, आता ३.५ येऊ लागले. त्यामुळे जुना कोड नव्या आवृत्तीवर जसाच्या तसा चालणार नव्हता, आणि भाषा घडवणाऱ्यांनी हे समजून उमजूनच पत्करलं होतं.

पण मुक्त सॉफ्टवेअर एकमेकांच्या खांद्यावर उभं असतं. सायपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब ही पायथॉनची आकडेमोडीची आणि आलेखांची पॅकेजेस; या सगळ्यांचा पाया नमपाय हे पॅकेज. पाया तिसऱ्या आवृत्तीवर येईपर्यंत वरच्यांना हलता येत नाही, आणि वापरणारे हलत नाहीत तोवर अनेकांना घाई वाटत नाही. नमपाय २०१० मध्ये तिसऱ्या आवृत्तीसाठी तयार झालं. संकेतस्थळं बांधायच्या जँगो या चौकटीने २०१३ मध्ये तिला प्रायोगिक पाठिंबा दिला.

सुरुवातीचा बेत असा होता, की कोड जुन्या भाषेत लिहायचा आणि एका साधनाने तो नव्या भाषेत बदलून घ्यायचा. प्रत्यक्षात अनेक प्रकल्पांना दुसरीच वाट सोयीची ठरली: एकच कोड, जो दोन्हींवर चालतो. त्यासाठी ‘सिक्स’ नावाचं छोटं पॅकेज तयार झालं; दोन गुणिले तीन म्हणून सहा! प्रत्येक बदलानंतर स्वयंचलित चाचण्या दोन्ही आवृत्त्यांवर धावायच्या आणि कुठे मोडलं ते लगेच दाखवायच्या.

भाषाही एक पाऊल मागे आली. जुन्या पायथॉनमध्ये युनिकोड मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘यू’ हे अक्षर लिहीत. ३.० मध्ये ते अनावश्यक म्हणून काढलं, आणि असंख्य ओळी अडल्या. प्रोग्रामर आर्मिन रोनाखर यांनी ते परत आणण्याचा प्रस्ताव मांडला, आणि २०१२ च्या ३.३ आवृत्तीत ते आलं. नव्या भाषेत हे अक्षर काहीच काम करत नाही. ते ठेवलंय ते केवळ जुना कोड अडू नये म्हणून.

पायथॉन २.७ चा पाठिंबा २०१५ मध्ये संपायचा होता. ती मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली. अनेक प्रकल्पांनी २०२० पर्यंत जुनी आवृत्ती सोडण्याची जाहीर हमी दिली. जँगोने २०१७ च्या डिसेंबरमध्ये ती सोडली. १ जानेवारी २०२० रोजी पाठिंबा थांबला आणि एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती आली.

आज पायथॉनमध्ये चलाचं नावसुद्धा देवनागरीत देता येतं. ‘वजन’ किंवा ‘किंमत’ असं लिहिलं तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो. पण हे सगळं स्थलांतर नुसता नियम बदलून साधलं नाही. जगभरच्या विखुरलेल्या माणसांनी, त्यांतल्या कितीतरींनी फावल्या वेळात आणि विनामोबदला, आपापला कोड ओळ न ओळ तपासला, म्हणून साधलं. एका झटक्यात उडी मारायला सांगितलं तेव्हा बहुतेक जण जागचे हलले नाहीत. दोन्ही काठांवर पाय ठेवायची सोय झाली, तेव्हा बहुतेक जण पार गेले. पुढचा कुठलाही मोठा बदल आखणाऱ्याने नव्या घराच्या आधी हा पूल बांधायला घ्यावा.