आधी हात बसवा, मग पेडल घ्या

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्या मुलांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. एक सूर धाडकन अंगावर येतो, दुसरा ढोलकीखाली बुडून जातो. मग पोटाला चिमटा घेऊन कॉम्प्रेसर पेडल घेतले जाते. घेण्यापूर्वी त्याचे काम समजून घेऊ या.

हे पेडल म्हणजे आवाजाच्या बटणावर सतत ठेवलेला हात. ‘थ्रेशोल्ड’ ही मर्यादा. ‘रेशो’ ४:१ असेल, तर मर्यादेच्या ४ डेसिबल वर गेलेला आवाज १ डेसिबलच वर राहतो. मोठे सूर असे दबले की ‘लेव्हल’ने सगळाच आवाज उचलायचा, हलके सूरही ऐकू येतात. पण तारेवर घासणाऱ्या बोटांची खरखरही वर येते.

‘अटॅक’ म्हणजे दाबण्याची घाई. फार लवकर दाबले, तर बोटाचा ठोका मरतो. आमच्या एका कार्यक्रमात हेच झाले. बेस असून नसल्यासारखा! ‘रिलीज’ म्हणजे सोडण्याचा वेळ. चार तारांच्या बेसची जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपाला सुमारे २४ मिलिसेकंद. त्याहून घाईने सोडले, तर पेडल प्रत्येक कंपामागे धावते आणि सूर फाटतो.

म्हणून पालकांनो, मुलांनो, आधी पेडलशिवाय सारख्या जोराने वाजवण्याचा सराव करा. पेडल सूर सावरते; चुकलेला ताल सावरत नाही. कष्टाचा पैसा जपून खर्च करा.