जुन्या लष्करी मालमोटारीतील गोंगाट



जुन्या एस. टी. गाडीत चालकाशेजारी बसून ज्यांनी एखादा घाट ओलांडला असेल, त्यांना इंजिनाच्या आवाजाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. गाडीतून उतरल्यावरही कानांत कितीतरी वेळ घोंघावत राहते. ही थकलेल्या कानाची तक्रार होय. एकदोन दिवसांत ती मिटते. परंतु ज्यास असा प्रवास नित्य करावा लागतो, त्याची तक्रार कायमची होऊन बसण्याचा संभव असतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९८ साली अशी मर्यादा सुचविली की, ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तासांहून अधिक काळ ऐकू नये. पुढे दर ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला अवघा १ तास.

आज आपण उदाहरणादाखल अमेरिकन सैन्याची 'एम ३५ ए २' ही अडीच टनी मालमोटार घेऊ. सैन्यातून बाद झाल्यावर अशा कित्येक गाड्या लिलावात निघाल्या व हौशी लोकांनी त्या विकत घेतल्या. तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे, सुमारे ७.८ लिटरचे. धूर बाहेर टाकणारी नळी उजव्या अंगास, चालकाच्या केबिनीला लगटून उभी असते आणि तिला सायलेन्सर नसतो. टर्बोचार्जरचे चाक धुराचा जोर काहीसा मोडते खरे, पण स्वतःची शिट्टी त्यात मिसळते. केबिनीचे छप्पर बहुधा कॅनव्हासचे. सैनिकाला शांतता पुरविणे हा ती घडविणारांचा हेतूच नव्हता.

हा आवाज होतो कसा? गोटीच्या सोड्याची बाटली फोडताना कोंडलेली हवा एकदम सुटते व आवाज होतो. सिलिंडरची झडप उघडताच तापलेला वायू असाच उसळून बाहेर पडतो. चार धावांच्या सहा सिलिंडरी इंजिनात दर फेऱ्याला असे तीन फुत्कार होतात. इंजिन मिनिटाला २००० फेरे करीत असेल, तर सेकंदास १०० फुत्कार झाले. हा खर्जातील सूर होय, आणि हवेत त्याच्या एका लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर भरते. आता इंचभर स्पंज किंवा कापूस केबिनीत चिकटवून एवढी लांब लहर कशी अडावी? शिट्टीसारखे तीव्र सूर त्याने थोडे निवतील. खर्ज मात्र तसाच आत येईल.

खर्जास अडविणाऱ्या गोष्टी दोनच : वजन आणि अभेद्यता. पत्र्याचे वजन दुप्पट केल्यास पलीकडे जाणारा आवाज सामान्यतः ६ डेसिबलपर्यंत घटतो. परंतु त्या पत्र्यात शंभरांश भाग जरी उघडा राहिला, तरी तो कितीही जाड करा, एकूण घट २० डेसिबलच्या पलीकडे जात नाही. भोकाने भिंतीचा सारा पराक्रम व्यर्थ होतो.

आणि येथेच आजच्या विषयाचे मर्म आहे. ज्या फटीतून आवाज आत येतो, त्याच फटीतून धूरही येतो. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. पेट्रोलच्या इंजिनात तो पुष्कळ, डिझेलच्या इंजिनात कमी. परंतु डिझेलच्या धुरातही इतर घातक द्रव्ये असतातच. म्हणून केवळ कानांत बोळे घालून समाधान मानणारा मनुष्य आवाजाबरोबर इशाराही बंद करतो. नळीचा सांधा सुटला की जो फटफटाट होतो, तो ऐकू येणे हे चालकाच्या हिताचे आहे.

तेव्हा कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम गळती शोधावी. सांध्यापाशी काजळीचा काळा ओघळ दिसला की तेथून वायू निसटतो असे समजावे. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांवरून, तापल्या भागाला न टेकविता, फिरवावे. चोर आपोआप बोलतो. ही परीक्षा उघड्यावर करावी, बंद शेडमध्ये कदापि करू नये. जुनी गॅस्केटे खरवडताना सावध असावे. त्या काळच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो.

दुसरे काम केबिनीच्या छिद्रांचे. रात्री केबिनीत दिवा लावून खालून व बॉनेट उघडून पुढून पाहावे. पेडलांभोवती, तारांच्या भोकांतून, गिअरच्या दांड्यापाशी जेथे जेथे उजेड दिसेल तेथे तेथे रबरी बूच किंवा चामड्याची पिशवी बसवावी. त्यानंतरच जमिनीवर नमद्याचा थर व त्यावर जड रबरी चटई घालावी.

शेवटी सायलेन्सर. त्याची पोकळी इंजिनाच्या घनफळाच्या कित्येक पट असावी लागते. त्यात आवाजाची लहर पसरून उलट फिरते आणि फुत्कार सौम्य होतो. लहानसा अरुंद डबा बसविल्यास धूर तुंबतो व टर्बोचार्जर अधिक तापतो. नळीचे तोंड छपराच्या वर व केबिनीपासून दूर वळवावे. ते एका मीटरवरून दोन मीटरवर नेल्यास तोंडाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. मात्र ते केबिनीखाली कधीही सोडू नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सारख्याच जोराच्या दोन आवाजांपैकी एक पूर्ण बंद केला, तरी घट अवघी ३ डेसिबल होते. कान ती जेमतेम ओळखतो. म्हणून पहिल्या दुरुस्तीनंतर निराश होऊन पुष्कळजण काम सोडतात. दुसरी वाट बंद होते तेव्हाच पहिल्या श्रमाचे फळ कानी पडते.

इतके करूनही कॅनव्हासचे छप्पर आपला स्वभाव सोडणार नाही. लांबच्या प्रवासात कानांत बोळे घालावेत, आणि केबिनीत त्या विषारी वायूची सूचना देणारे छोटे यंत्र अवश्य टांगावे. कानाने न कळणारे संकट तरी मग यंत्र सांगेल.